ओळखीची फरशी

शेषराव खंडाऱ्यांची वाचा गेली, तेव्हा जाताना ती एक शब्द मागे विसरून गेली. 'बरोबर.' अमरावतीच्या एस.टी. डेपोत उभा जन्म कंट्रोलर म्हणून काढलेल्या या माणसानं हा शब्द आयुष्यात सगळ्यांत कमी वापरला होता. ड्रायव्हर चुकीचा, कंडक्टर चुकीचा, गाडी चुकीच्या फलाटावर, आणि प्रवासी तर जन्मजातच चुकीचा, असं त्यांचं मत. लकव्याच्या झटक्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं, आणि वापरात नसल्यामुळे कोरा राहिलेला तेवढा एक शब्द शिल्लक उरला. चहा हवा, 'बरोबर.' चहा नको, 'बरोबर.' लघवीला न्या, 'बरोबर.' उशीर झाला, तेही 'बरोबर'च.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की आजोबांना सगळं कळतं, फक्त तोंडातून दुसरं निघत नाही. तेव्हा शब्द ऐकू नका, मान पाहा. पण ज्या घरात इतकी वर्षं एकटा तोच माणूस बोलत आला, त्या घराला त्याच्या मानेकडे पाहायची सवय कुठून असणार? शिवाय आता तो प्रत्येक गोष्टीला होकार देत होता. असा बाप कोणाला नको असतो?

म्हणून स्वयंपाकघराच्या फरशीवरून होळीनंतर जी बैठक बसली, तिच्यात शेषरावांचं मत दोन्ही पक्षांना मिळालं.

बैठकीला कारण घडलं मोरीचं. मोरीखालचा पाइप आतल्या आत फुटला होता आणि ओल भिंतीवर कमरेपर्यंत चढली होती. फरशी उकरण्याला इलाज नव्हता. प्रश्न होता उकरल्यावर काय बसवायचं याचा. मुलगा प्रीतम अकोल्याहून गाडीच्या डिकीत टाइलचा नमुना चादरीत गुंडाळून घेऊन आला होता, एखादं तान्हं मूल आणावं तसा. बँकेत कर्जं मंजूर करणारा माणूस; जुन्या वस्तूकडे पाहिलं की त्याला तिचं थकीत खातंच दिसे.

"ताई, तूच सांग, ही फरशी हाय का गोधडी?"

प्रश्न चुकीचा नव्हता. घर बांधताना शेषरावांचं प्रत्येक दुकानदाराशी भांडण झालं होतं, आणि जिथं भांडण झालं तिथं फरशी बदलली होती. मोरीभोवती खरबरीत शहाबादी, तिथून पुढे मधोमध मोझॅक, आणि ओट्यापुढे काळ्या कडप्प्याची लांब पट्टी. शेषरावांच्या स्वभावाचा तो नकाशाच होता.

"गोधडीच आहे," माधवी म्हणाली. ती मोठी बहीण, अमरावतीतच राहणारी, कॉलेजात इतिहास शिकवणारी. "आणि ती बाबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली आहे. मी ती फेकू देणार नाही."

"आई घसरून पडली म्हणजे? इतिहास येईन उचलाले?"

"तुझ्या या काचेवरून तर पाल घसरेल, आईचं काय घेऊन बसलास!"

"मॅटमधे बी येते ताई ही," प्रीतमची बायको रश्मी हळूच म्हणाली.

"तू थांब," दोघंही एकदम म्हणाले. त्या दिवसात बहीणभावांचं एकमत झालेलं तेवढंच.

प्रीतमनं नमुना बापाच्या मांडीवर ठेवला. "बाबा, हे बसवू ना?"

"बरोबर," शेषराव म्हणाले. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे गेली.

"झालं. मालकाची सही झाली."

"बाबा," माधवी पुढे वाकली, "जुनीच ठेवायची ना?"

"बरोबर!" या वेळी मान वर-खाली हलली. पण तेव्हा प्रीतम रागारागानं नमुना गुंडाळत होता आणि माधवी प्रीतमकडे पाहत होती.

"आई, तुझं काय म्हणणं?"

पंचफुलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवला. "पाइप तेवढा बदला बापू. फरशी हाय तशीच राहू द्या."

"ऐकलंस?" माधवी म्हणाली.

तिनं ऐकलं होतं, पण वाक्यातलं अर्धंच. दोष तिचा नाही. आईचं अर्धंच ऐकायची त्या घराची रीतच होती.

*

पंचफुलाबाईंना दिसत नव्हतं. ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती; एक त्या स्वतः, आणि दुसरा तो, ज्याला आता सांगता येत नव्हतं.

काचबिंदूनं आधी कडेचं नेलं, मग मधलं. आता उजेड कुठून येतो आणि आड कोण उभं आहे, एवढंच कळे. निवृत्तीनंतर शेषराव स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले, ते यामुळे. तिथून त्यांची अखंड कटकट चाले. "हळद उजव्या हाताले हाय, ध्यान कोठं हाय तुहं? दूध वर येऊन राह्यलं. झारा पडला पाह्य, डाव्या पायापाशी. भाकर फिरव, करपते." लेकरांना वाटे, म्हाताऱ्याचे ड्रायव्हर सुटले, आता बायकोला फलाटावर लावतो आहे. रश्मीनं तर माहेरी सांगितलं होतं, की सासरा सासूला मीठसुद्धा सुखानं टाकू देत नाही. एवढी नेमकी, हातभर अंतराचा हिशेब ठेवणारी कटकट कोणी कशासाठी करतं, हे काही कोणाच्या डोक्यात आलं नाही. खंडाऱ्यांच्या घरात डोळस माणसांची कमी नव्हती.

मग झटका आला आणि आवाज बंद झाला. उरली त्यांची काठी आणि खालची फरशी. दूध वर आलं की शेषराव डाव्या हातानं काठी आपटत. बाकी सगळं पायांनी वाचायचं. तळव्याला खरबरीत लागलं की मोरी आली. मोझॅक लागला की मोकळी वाट. कडप्प्याचा गारवा चढला की समोर शेगडी, पदर जप. कडप्प्याच्या टोकाचा एक टवका उडाला होता. त्यात अंगठा बसला की हात लांब करायचा, पिठाचा डबा. पंचफुलाबाई त्या खोलीत नजर असलेल्या बाईसारख्याच वावरत, किंबहुना जास्त चपळ. नजर असलेल्या बायका इकडेतिकडे पाहण्यात वेळ घालवतात.

म्हणून त्या घरात चप्पल घालत नसत. साखर आहे, पायाला जपा, म्हणून रश्मीनं मऊ चपला आणल्या होत्या. त्या दाराआड खिळ्याला पिशवीतच टांगलेल्या राहिल्या. रश्मीला ते लागलं होतं. "माह्या हातचं त्याईले चालत नाई," ती प्रीतमला म्हणाली होती.

आणि लपवायचं कारण? शेषराव दवाखान्यात होते तेव्हा बाहेर बाकावर लेकरांचं बोलणं झालं होतं. डोळे गेलेल्या माणसाला बाकावरचं बोलणं फार स्वच्छ ऐकू येतं. माधवीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांना तिथं चढवता येणार नाही. अकोल्यात प्रीतमकडे रश्मीची आई, माणिकबाई, अंथरुणाला खिळलेली. तिथं आणखी एकच खाट मावते. म्हणजे मग बाबा अकोल्याला, आई ताईकडे. व्यवस्था अगदी समान होती, एक-एक.

पंचफुलाबाई उठून बाहेर आल्या होत्या आणि भिंतीचा आधार धरून म्हणाल्या होत्या, "मी धडधाकट हाय. मह्या हातानं दोन भाकरी होतात तोवर थे कोठंबी जात नाईत अन् मीबी जात नाई."

तेव्हापासून त्या दोन भाकरींवर दोन माणसांचं एकत्र राहणं उभं होतं. आणि भाकरी उभ्या होत्या फरशीवर.

*

माधवी जिंकली, आणि जिंकलेल्या माणसाला थोडं उदार व्हावंसं वाटतं. प्रीतम म्हणतो तेही अगदीच खोटं नाही, असं तिला एका रविवारी वाटून गेलं. फरशी गबाळी दिसते हे खरंच होतं. मग तिनं असा मार्ग काढला, की ज्यात जुनं सगळं राहील आणि नवं सगळं दिसेल. एकही फरशी फेकायची नाही. सगळ्या जपून उकरायच्या, धुवायच्या, घासायच्या, आणि पुन्हा बसवायच्या; फक्त रीतीनं. एक शहाबादी, एक मोझॅक, एक शहाबादी, एक मोझॅक, बुद्धिबळाच्या पटासारख्या. आणि कडप्प्याची पट्टी कापून चारी भिंतींना किनार.

तिनं कागदावर पेन्सिलीनं पट काढला आणि बापाला दाखवला.

शेषरावांनी कागद पाहिला. मग बायको बसली होती तिकडे पाहिलं. मग पुन्हा कागद. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर. बरोबर!" मान इतकी जोरात हलत होती, डावी-उजवी, डावी-उजवी, की खुर्ची करकरली. डाव्या हातानं त्यांनी कागद चुरगळून टाकला.

माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आनंद झाला त्यांना," ती म्हणाली. तिनं कागद उचलून मांडीवर सरळ केला आणि ठेवून दिला. हाताचा झटका आजारामुळे येतो, हे तिला वाचून माहीत होतं.

शफीक मिस्त्री यांनाही चौकडा पसंत पडला. त्यांनी नवं पॉलिशचं मशीन घेतलं होतं आणि ते कुठं चालवावं याच विचारात ते होते. "बाई, मोझॅक ऐसा चमकाऊंगा के चेहरा दिखेगा. शहाबादी को चमक नहीं आती, उसका खुरदरापन रहेगा. लेकिन जोडी जमेगी, धूप-छाँव जैसी."

काम होईपर्यंत दोघांना हलवणं भागच होतं. बाबा अकोल्याला गेले, आई माधवीकडे. "फक्त काम होईस्तोवर," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनी मनात नोंद केली की जमतं आहे.

माधवीकडे पंचफुलाबाई दिवाणावर बसून असत. हलत नसत. पाणी कोणी दिलं तर पीत. तिसऱ्या मजल्याच्या त्या गुळगुळीत फ्लॅटमध्ये त्यांच्या पायांना एकही ओळखीची खूण नव्हती. माधवी शेजारणीला सांगे, "आईला आयुष्यात पहिल्यांदा आराम मिळतोय बघा. पार निवांत झाली आहे." एकदा पंचफुलाबाई म्हणाल्या, "अकोल्याले फोन लाव वं बाई." लावला. पलीकडून आवाज आला, "बरोबर." पंचफुलाबाई ऐकत राहिल्या. "काहून जेवले नाई?" त्यांनी विचारलं. पलीकडे पुन्हा, "बरोबर." "असं नोका करू. खा." प्रीतमनं फोन घेतला आणि हसून म्हणाला, "ताई, या दोघांचं मस्त चालून राह्यलं." तिकडे ताट तसंच पडलेलं होतं, हे त्यानं पाहिलं नव्हतं, ते रश्मीनं पाहिलं होतं. तिला त्या फोनचं नवल वाटलं, पण नवल करायला घरात वेळ नव्हता. माणिकबाईंना कुशीवर वळवायचं होतं.

*

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सगळे परत आले. वैशाखातलं अमरावतीचं ऊन, कुलर तोंड फाडून ओरडत होता. प्रीतमनं बापाला गाडीतून उतरवलं. पंचफुलाबाईंनी हात पुढे केला तो हवेत फिरला, मग शेषरावांच्या बाहीला लागला. बाही धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. "वाळले," एवढंच म्हणाल्या.

मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. मग माधवीनं स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"आई, पाहा."

खोली खरंच सुंदर झाली होती. प्रीतमनंसुद्धा मान्य केलं. खिडकीतलं ऊन चौकटीचौकटीनं चमकत होतं. त्या चमकेवर चरे पडू नयेत म्हणून त्यानं अकोल्याहून बापाच्या काठीला खाली जाडजूड रबराची टोपी बसवून आणली होती.

पंचफुलाबाईंनी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.

खरबरीत. मोरी? उंबऱ्यापाशी मोरी कशी येईल? दुसरा पाय टाकला, गुळगुळीत, तुपासारखं. तिसरा, खरबरीत. पुन्हा गुळगुळीत. प्रत्येक पावलाला मोरी येत होती आणि प्रत्येक पावलाला जात होती. त्यांनी अंगठ्यानं टवका शोधला. टवका नव्हता, माधवीनं तो कापून टाकायला लावला होता.

"कशी आहे?" माधवीनं विचारलं. तिच्या आवाजात लहानपणी बक्षीस घेऊन आल्यावर असायची तशी घाई होती.

"छान हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "लय छान केली तू."

"एकही फेकली नाही आई. सगळ्या त्याच आहेत."

"हो. वळखीच्या हायेत."

"चला, मी भात लावतो अन् खीर करतो," रश्मी म्हणाली. "तुमी बसा आई."

"नाई." तो 'नाई' जरा मोठ्यानं निघाला. प्रीतमनं मोबाइलवरून मान वर केली. पंचफुलाबाईंनी आवाज खाली आणला. "आज मीच करीन. मह्या घरात मह्या हातचंच होईन. तुमी सारे बाहेर बसा. थे बसतीन दारात, नेहमीसारखे."

हा हट्ट नव्हता, परीक्षा होती. हे त्या दोघांनाच माहीत होतं. आज दोन भाकरी झाल्या नाहीत तर बाकावरचा निकाल लागू होणार होता. शेषरावांची खुर्ची दारात आली. त्यांनी उजवा पाय डाव्या हातानं उचलून समोर ठेवला, काठी धरली, आणि डोळे वटारून ड्यूटीवर बसले.

शेगडी ओटा चाचपून सापडली. तांदूळ वासावरून सापडले. दूध वर आलं तेव्हा शेषरावांनी काठी आपटली. रबरानं आवाज गपकन गिळला. त्यांनी पुन्हा आपटली, पुन्हा काही नाही. दूध उतू गेलं. पंचफुलाबाईंनी जळका वास येताच गॅस बंद केला आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "झोपले का जी तुमी?" शेषरावांनी काठीकडे पाहिलं.

मग भात झाला. खंडाऱ्यांकडे भाताची पेज काढून मोरीत निथळायची रीत. पंचफुलाबाईंनी फडक्यानं पातेलं धरलं, झाकण दाबलं आणि वळल्या. एक पाऊल. दोन. उकळत्या पातेल्याची वाफ तोंडावर येत होती, आणि बाहेर कुलर इतका ओरडत होता, की कुठला आवाज कुठून येतो ते कळेना. तळव्याला खरबरीत लागलं. त्या थांबल्या. पायानं चाचपलं. खरबरीतच.

"मोरीच हाय ना ही?" त्यांनी हळूच विचारलं.

समोर शेषरावांचा पाय होता. शेषरावांनी तोंड उघडलं. सगळा जन्म ज्या तोंडानं 'चूक', 'थांब', 'मागं घे' एवढंच म्हटलं, त्या तोंडातून जिवाच्या आकांतानं एकच शब्द निघाला.

"बरोबर! बरोबर! बरोबर!"

त्यांच्या 'बरोबर'चे सगळे सूर पंचफुलाबाईंना पाठ होते. हा सूर त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांना वाटलं, आनंदाचा असेल.

त्यांनी पातेलं वाकडं केलं.

*

रश्मी ताटं घेऊन दारात आली तेव्हा तिला सगळ्यात आधी दिसला तो वाफेचा लोट. मग सासऱ्यांचा पाय. तो पाय हलला नाही. ओरडणंही आलं नाही, कारण त्या पायाला काही कळतच नव्हतं. शेषराव फक्त डाव्या हातानं खांद्यावरचा टॉवेल ओढत होते आणि पायावर टाकत होते. झाकत होते. तिला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "बरोबर," ते कुजबुजले. मान डावी-उजवी, डावी-उजवी. सांगू नको.

रश्मीनं आयुष्यात पहिल्यांदा त्या मानेकडे नीट पाहिलं. मग तिनं सासूकडे पाहिलं. सासू रिकामं होत चाललेलं पातेलं धरून समाधानानं उभी होती, भिंतीकडे तोंड करून. आणि इतकी वर्षं तिला न समजलेल्या सगळ्या गोष्टी, कटकट, चपला, फोन, एकावर एक येऊन बसल्या.

तिनं ताटं खाली टाकली आणि माठातलं पाणी ओतायला धावली.

"काय झालं?" प्रीतम आत आला. "अरे बापरे! आई, काय केलं हे?"

"मी केलं," रश्मी म्हणाली. "माह्याच्यानं धक्का लागला. आईच्या हातात पातेलं होतं, मी मागून आली घाईत. माही चूक हाय."

पंचफुलाबाई दोन पावलं मागे सरल्या आणि हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं. "कोणाले भाजलं?" त्यांनी विचारलं. "कोणाले वं?"

खालून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि खुर्चीतून फार मृदू असा, समजूत काढणारा 'बरोबर' आला. तो सूर मात्र त्यांनी ओळखला. त्या मटकन खाली बसल्या, कमरेचं फडकं काढलं आणि फरशी पुसू लागल्या. घाईघाईनं, गोल गोल, जीव लावून.

पेज सगळी दाराशी सांडली होती. त्या ओट्यापाशी पुसत होत्या. कोरडी फरशी.

माधवी दारात आली होती. प्रीतम उभा होता. रश्मीनं सासूचा हात धरायचा प्रयत्न केला, "आई, उठा, मी पुसतो," पण फडकं फिरतच राहिलं, चमकत्या मोझॅकवरून खरबरीत शहाबादीवर, तिथून पुन्हा मोझॅकवर. प्रीतम हळूच खाली बसला आणि त्यानं आईच्या डोळ्यांपुढे हात हलवला. कर्ज मंजूर करण्याआधी माणूस तारण तपासतो, तसा. डोळे हलले नाहीत.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

पंचफुलाबाईंचं फडकं थांबलं.

"आई," माधवी म्हणाली. "फरशी तीच आहे गं. मी एकही फेकली नाही."

"फेकली असती तर बरं झालं असतं, माय," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "नवीन असती तर नव्यानं शिकली असती. हे तर वळखीची हाय, अन् खोटं बोलून राह्यली."

*

डॉक्टर येऊन पायाला पट्टी बांधून गेले. दुखत नाही ही नशिबाची गोष्ट, असं ते म्हणाले. यांचीही साखर पाहता जखम भरायला वेळ लागेल, रोज ड्रेसिंग लागेल. पौर्णिमेची खीर कोणी खाल्ली नाही. ती झाकून ठेवली होती.

बैठक बसायची गरज उरली नव्हती. तरी सगळे बसले, कारण ठरलेलं असलं तरी कोणीतरी म्हणावं लागतं.

"बाबांचं ड्रेसिंग, फिजिओ, सगळं अकोल्यात माह्या घरापाशी हाय," प्रीतम म्हणाला. "अन् आईले आता एकटं नाई सोडता येत. ताई, तू..."

"आई माझ्याकडे," माधवी म्हणाली. ती कोणाकडेच पाहत नव्हती. आता ती भावाच्या कुठल्याही म्हणण्याला हो म्हणाली असती.

"दोघाईले एका ठिकाणी ठेवा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कोठंबी ठेवा. गच्चीवर ठेवा."

"कसं ठेवू आई? तूच सांग. ताईकडं बाबा चढत नाईत, माह्याकडं खाट मावत नाई. अन् अमरावती-अकोला काय दूर हाय? दोन-अडीच तासाची एस.टी. भेटवत जाऊ आमी."

त्यावर शेषराव हसल्यासारखे दिसले. अर्धा चेहरा हलत नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही. अकोल्याची गाडी त्यांनी आयुष्यभर वेळेवर सोडली होती.

"घर?" माधवीनं विचारलं.

"राहीन बंद. फरशी तर मस्त झाली," प्रीतम म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला आपली लाज वाटली. तो पटकन बापाकडे वळला. "बाबा, चालता ना अकोल्याले? रश्मी पाहीन तुमचं सारं. चालता ना?"

"बरोबर," शेषराव म्हणाले.

"थांब." पंचफुलाबाईंनी हात वर केला. "मले सांगा, त्याईची मान कशी हालून राह्यली?"

कुलर चालू होता. प्रीतमनं बापाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. माधवीनं पाहिलंच नाही.

"रश्मी, तू सांग. तू खोटं बोलत नाई. मघाशी बोलली, पण थे मह्यासाठी बोलली. कशी हालते?"

रश्मीनं पाहिलं. मान अंगासकट हळूहळू हलत होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, थकलेल्या पंख्यासारखी, थांबत नव्हती. डोळे तिच्यावरच होते. तिनं माणिकबाईंची खाट आठवली, घरातली उरलेली जागा आठवली. खरं सांगितलं तरी संध्याकाळी अकोल्याला निघणारी गाडी थांबणार नव्हती. फक्त म्हातारीला ते कायमचं ठाऊक होऊन बसणार होतं.

"वर-खाली, आई," ती म्हणाली.

पंचफुलाबाईंनी कान दिला. खुर्चीच्या बाजूनं करकर येत होती. मान नुसती वर-खाली हलली तर ती खुर्ची करकरत नसे. हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"बरोबर," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपले पाय जवळ ओढून घेतले आणि पदरानं तळवे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"दाराआड तू आणलेल्या चपला हायेत पाह्य, पिशवीत," त्या रश्मीला म्हणाल्या. "थ्या आन. अन् मह्या पायात घालून दे."